पोळ्याचं कडवळ

"सूनबाई, पाणी उकळून गार केलंय. पोरीच्या बाटलीला आता हेच घे," म्हणत आप्पांनी पातेलं माझ्यापुढे ठेवलं.

माझे दोन्ही हात पुरणात होते. मी पातेल्याकडे बघितलं. वर धुतलेला पांढरा फडका नीट बांधला होता. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात स्वतःचा चहासुद्धा कधी उकळला नव्हता, आणि आज सणाच्या गडबडीत त्यांनी नातीसाठी पाणी उकळून, गाळून, गार करून आणलं होतं. मला रडूच यायचं बाकी होतं, कारण ते पाणी मी घेणार नव्हते.

"कुठलं पाणी, आप्पा?"

"कुठलं म्हंजी? इहिरीचं. दुसरं कुठून आणू? परवापास्नं नळाची मोटार जळून पडलीय."

"मग नको."

"अगं, उकळलंय! चांगलं खळाखळा."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, ते उकळून जात नाही म्हणून. उलट वाढतं."

"उकळल्यावर वाढतं?" आप्पा हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "भला डाक्टर हाय तुमचा. उद्या म्हणंल, धुतल्यावर कापड मळतं."

मी पुन्हा पुरणाकडे वळले. आप्पांशी वाद घालायचा तर पुरण करपवायची तयारी लागते.

तनुजा तेव्हा चार महिन्यांची होती. मला पहिल्यापासूनच दूध पुरेसं येत नव्हतं. मेथी, हळीव, डिंक, शेजारणींनी सांगितलेलं सगळं खाऊन मीच तेवढी गुबगुबीत झाले, पोर आपली उपाशीच. शेवटी पावडरचं दूध सुरू केलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पाणी कुठलं वापरता?" मी ऐटीत म्हणाले, "घरच्या विहिरीचं." त्यांनी पाणी तपासून आणायला सांगितलं. रिपोर्ट आला आणि माझी ऐट उतरली. पाण्यात नायट्रेट फार होतं. मोठ्या माणसाला ते सहसा लगेच बाधत नाही, पण एवढ्याशा बाळाच्या पोटात गेलं तर रक्ताला प्राणवायू धरता येत नाही, बाळ निळं पडतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून मी उठल्याबरोबर आधी तनुजाची नखं आणि ओठ बघायची. आणि रस्त्यावरच्या नळाच्या दोन घागरी वाहिल्याशिवाय चूल पेटवायची नाही.

आप्पांना मात्र तो रिपोर्ट थोबाडीत मारल्यासारखा लागला. ती विहीर त्यांनी ऐन तरुणपणी स्वतः खणली होती. ते आत सुरुंग लावायचे आणि माझ्या सासूबाई डोक्यावरून दगड बाहेर काढायच्या. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेल्या. त्यांचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता, होती ती विहीर. तिच्या पाण्यात विष आहे असं कुणी परकं माणूस कागदावर लिहून देतं, हे आप्पांच्या पचनी पडेना. आम्ही सगळे नळाचं पाणी पिऊ लागलो तरी ते एकटे हट्टाने विहिरीचाच तांब्या भरून घ्यायचे, आणि आमच्या देखत घटाघटा प्यायचे.

"तुझा नवरा ह्याच पाण्यावर वाढला," ते मला ऐकवायचे. "झाला का निळा?"

ते खोटं नव्हतं. पण माझा नवरा, संपत, लहान होता तेव्हा विहिरीच्या वरच्या वावरात बाजरी असायची आणि खत म्हणजे घरचं शेण. पुढे टोमॅटो आले. टोमॅटोला युरियाची पोती लागली, शेजाऱ्याने एक टाकलं की आपण दीड. पिकाला झेपलं तेवढं त्याने घेतलं, बाकीचं मातीत राहिलं. उन्हाळी टोमॅटो संपले की वावर पावसात मोकळं पडायचं, आणि ते उरलेलं सगळं पावसाबरोबर झिरपत खाली विहिरीत यायचं. हे आम्हाला कृषी सहायकाने समजावलं. त्यानेच उपाय सांगितला: टोमॅटो उपटले की वावर मोकळं सोडू नका, ज्वारी दाट पेरा, खताचा दाणा घालू नका. तिची मुळं खोल जातात, मातीत उरलंसुरलं असेल ते ओढून घेतात. दाणा भरायच्या आत कापून तिथेच गाडा, म्हणजे ते पुढच्या पिकाला मिळेल, विहिरीला नाही.

संपतने त्या पावसाळ्यात वरच्या वावरात ज्वारी पेरली. चाऱ्यासाठी अशी दाट पेरलेली ज्वारी, तिला आमच्याकडे कडवळ म्हणतात. आप्पांनी बांधावर उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "कणसं नकोत, चारा नको. मंग पेरली कशाला, शोभेला?"

शोभा मात्र झाली. काळंशार, पुरुषभर उंच. येणारे-जाणारे थांबून बघायचे.

तर त्या दिवशी पोळा होता. आमच्या भागात तो भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. नळ बंद, माझ्या घागरीत तळाला उरलेलं पाणी मी एका तांब्यात काढून ठेवलेलं. एका बाटलीपुरतं होतं. बैलांची मिरवणूक झाली की मोटारसायकलवर जाऊन पलीकडच्या गावातून पाणी आणतो, असं संपतने कबूल केलं होतं. तोवर भागेल असा माझा हिशेब. आप्पांनी तो तांब्या बघितला होता, म्हणूनच पाणी उकळलं. मी नाही म्हटल्यावर ते पातेलं तिथेच ठेवून उठले.

"आमच्या हातचं पोरीला चालत नाय," ते दारातून म्हणाले. "बैलांना तरी चालतंय का बघतो."

विळा घेऊन ते वर गेले आणि थोड्या वेळाने डोक्यावर कडवळाचा भलामोठा भारा घेऊन आले.

गोठ्यात पाखऱ्या आणि गुलब्या सजून उभे होते. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. आप्पांची एक जुनी पद्धत होती. पोळ्याच्या दिवशी बैलांना सकाळपासून काही घालायचं नाही, म्हणजे नैवेद्य ते आवडीने खातात. त्यामुळे दोघेही भुकेने दावं ओढत होते, आणि आज रुसव्याच्या भरात आप्पांनी स्वतःच ती पद्धत मोडली.

"आप्पा, ते कडवळ गाडायचं म्हणाले होते ना?" मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"गाडा की उद्या. आज सण हाय. वरीसभर मान घासतात बिचारी, त्यांना आज पण वाळला कडबाच का?" भारा सोडत ते म्हणाले. "आन पोटरीला आलंय आता, कणीस धराया लागलंय, भ्या नाय. कवळं असतं तर मी बी घातलं नसतं. तेवढं कळतं मला."

ते बरोबर होतं. कोवळं कडवळ जनावराला बाधतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आप्पा ते मोठं होईपर्यंत थांबले होते. पाखऱ्या पहिल्यापासूनच अधाशी. त्याने शिंगाने गुलब्याला बाजूला सारलं आणि भाऱ्यात तोंड खुपसलं. आप्पा त्याच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. त्यांचा रुसवा निघालेला दिसला, आणि मलाही बरं वाटलं.

पुरणपोळ्या झाल्या. तनुजा जागी झाली म्हणून तांब्यातल्या पाण्याची बाटली करून तिला पाजली, झोळीत टाकलं, आणि नैवेद्याचं ताट घेऊन गोठ्यात गेले. संपतने बैलांच्या पायांवर पाणी घातलं, मी कुंकू लावलं. गुलब्याने पोळी जिभेने ओढून घेतली. पाखऱ्यापुढे ताट धरलं तर त्याने तोंड फिरवलं.

"पोट भरलं वाटतं लबाडाचं," मी म्हणाले.

आप्पा हसले नाहीत. ते वाकून बैलाच्या नाकाशी बघत होते. पाखऱ्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. मांड्या थरथरत होत्या. गळ्यातल्या घुंगरमाळा त्या थरथरीने आपोआप वाजत होत्या. तो आवाज मला अजून आठवतो.

"संपत, सोड त्याला. मोकळा कर," आप्पा म्हणाले, आणि तेवढ्यात पाखऱ्याचे पुढचे गुडघे मोडले. सगळी झूल-शिंगं घेऊन तो एका अंगावर कोसळला. माझ्या हातातलं ताट कुठे पडलं ते मला कळलंच नाही.

संपत तसाच मोटारसायकल काढून गुरांच्या डॉक्टरांना आणायला गेला. आप्पा जमिनीवर बसले आणि त्यांनी पाखऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. नवं धोतर, नवा फेटा, आणि मांडीवर बैलाची लाळ.

"माझ्या हातानं घातलं," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. "माझ्या हातानं घातलं गं."

"आप्पा, कडवळामुळंच असं कशावरून?"

"दुसरं काय खाल्लं त्यानं? सकाळपास्नं उपाशी ठेवला मी त्याला. मीच."

मी पाखऱ्याच्या पाठीवरची झूल ओढून काढली, माळा सोडवल्या. त्याच्या हिरड्या बघितल्या. गुलाबी असायच्या त्या जागी निळसर-तपकिरी रंग चढला होता. रोज सकाळी ज्या रंगाच्या भीतीने मी तनुजाचे ओठ बघायचे, तो मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते.

डॉक्टर केंगले तरुण होते, सणाचा नवा शर्ट घालून तसेच आले होते. त्यांनी पापणी उलटून बघितली, हिरडी बघितली, आणि सुई टोचून थोडं रक्त काढलं. ते लाल नव्हतंच. चिंचेच्या कोळासारखं, काळपट तपकिरी.

"काय खाल्लंय?"

"कडवळ," आप्पा म्हणाले. "पण पोटरीला आलेलं व्हतं, डाक्टर. कवळं नव्हतं."

"कोवळ्या कडवळाचं विष नाही हे. त्यात रक्त लालभडक होतं." डॉक्टर बोलता बोलता बॅग उघडत होते. "हे नायट्रेट आहे."

आप्पांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पाखऱ्याकडे बघितलं. बोलायची ती वेळच नव्हती.

डॉक्टरांनी एक गडद निळं औषध पाखऱ्याच्या मानेच्या शिरेत हळूहळू सोडलं. संपतने डोकं दाबून धरलं होतं. मग वाट बघणं आलं. लांबून मिरवणुकीचे ताशे ऐकू येत होते. गावातले सगळे बैल देवळाकडे निघाले होते आणि आमचा आडवा होता. आप्पांचा हात त्याच्या छातीवर होता. मी मनातल्या मनात जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाका मारल्या, माहेरचेसुद्धा सोडले नाहीत.

"श्वास बघा," डॉक्टर म्हणाले.

भाता मंदावला होता. थोड्या वेळाने थरथर थांबली. डॉक्टरांनी हिरडी दाखवली, कडेने गुलाबी होऊ लागली होती. आणि मग पाखऱ्याने एकदम मोठा सुस्कारा टाकला, आधी मागचे पाय रोवले, मग पुढचे, आणि लटपटत उभा राहिला. उभा राहिल्याबरोबर त्याने मनसोक्त मूत्र सोडलं. ते चक्क हिरवं-निळं होतं.

"अरे देवा, हे काय आता?" मी ओरडले.

"औषधाचा रंग आहे, वहिनी," डॉक्टर हसले. "शिंगं तुम्ही रंगवलीत, उरलेलं मी रंगवलं."

आम्ही इतके हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. संपत तर खाली बसला. आप्पा पाखऱ्याच्या गळ्यात हात टाकून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते, मी बघायला गेले नाही.

गुलब्यालाही तपासून झालं. त्याच्या वाट्याला फार आलंच नव्हतं, तो ठणठणीत होता. डॉक्टर हात धुऊ लागले तेव्हा आप्पा त्यांच्याजवळ गेले.

"डाक्टर, एक इचारू? कडवळात हे आलं कुठून? आम्ही तर युरियाची चिमूट टाकली नाय त्याला."

"आधी काय होतं त्या वावरात?"

"टमाटे."

"मग टोमॅटोचंच खत ते. मातीत उरलेलं. कडवळाने मुळांनी ओढून घेतलं. नंतर पाऊस उघडला, वाढ थांबली, आणि ओढलेलं सगळं धाटांत साठून राहिलं. उपाशी जनावराने एकदम भरपूर खाल्लं की असं होतं. गाडून टाका ते."

आप्पा वर वावराकडे बघत राहिले. मग त्यांची नजर उतारावरून हळूहळू खाली आली आणि विहिरीच्या काठावर थांबली.

"आन कडवळ पेरलं नसतं तर?"

"तर पावसाच्या पाण्याबरोबर खाली गेलं असतं."

"इहिरीत."

"खाली विहीर असेल तर विहिरीत."

डॉक्टरांना आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. ते टॉवेलने हात पुसत होते.

"बारक्या लेकराचं रक्त बी असंच व्हतं का हो?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "असं काळं?"

"होतं ना. लहान बाळाला तर फार थोडं पुरतं."

"आन पाणी उकळून पाजलं तर?"

"उकळून पाणी आटेल, आप्पा. ते तिथेच राहणार. उलट दाट होणार."

आप्पांनी मान हलवली. डॉक्टरांना सोडायला संपत गेला. मी घरात आले तर आप्पा स्वयंपाकघरात ते पातेलं हातात घेऊन उभे होते. त्यांनी फडका सोडला, सगळं पाणी मोरीत ओतलं, पातेलं उपडं घातलं, आणि फडक्याची घडी करून त्यावर ठेवली.

तेवढ्यात तनुजा उठली. भुकेची रडते ती एकदम वरच्या पट्टीत. मी तिला अंगावर घेतलं, पण थोड्याच वेळात तिने तोंड काढून दुप्पट सूर लावला. तांब्या रिकामा. संपत आता कधी परत येईल, मग पाण्याला कधी जाईल, मी नुसती पोरीला घेऊन येरझाऱ्या घालत होते. रडणाऱ्या पोरीपेक्षा मलाच जास्त रडू येत होतं. मधेच लक्षात आलं की आप्पा घरात नाहीत. आणि मोठी घागरही नाही.

मी पोरीला घेऊन ओट्यावर आले. मिरवणूक परत फिरली होती. रस्त्याने सजवलेले बैल आणि त्यांचे धनी, गुलाल, ताशे. आणि त्या सगळ्यांच्या उलट दिशेने, पलीकडच्या गावच्या वाटेवरून, आप्पा येत होते. खांद्यावर भरलेली घागर. नवा फेटा भिजून कानावर आलेला. ज्या माणसाने जन्मात कधी बाईमाणसाचं काम म्हणून घागरीला हात लावला नव्हता, तो भर पोळ्याला सगळ्या गावाच्या देखत पाणी वाहत होता.

"ओ आप्पा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "बैल कुठाय तुमचा?"

"घरी बसलाय आरामात," आप्पा थांबले नाहीत. "त्याचा सण हाय. आज खांदा माझा."

लोक हसले. मीही हसले, आणि मग मला हुंदकाच फुटला.

त्यांनी घागर ओट्यावर टेकवली. धाप लागली होती. "आधी पोरीला दे," एवढंच म्हणाले.

मी बाटली केली. तनुजा ती दोन्ही मुठींनी धरून अशी चोखू लागली की घरात दुसरा आवाज राहिला नाही. आप्पा समोर बसून तिच्या ओठांकडे बघत होते. ते काय बघत होते ते मला माहीत होतं. गुलाबी होते, आप्पा. अगदी गुलाबी.

मग ते उठले, कोपऱ्यातला आपला पितळी तांब्या घेतला. सकाळीच विहिरीवरून भरलेला होता. तो त्यांनी अंगणात रिता केला आणि माझ्यापुढे धरला.

"मला बी दे त्यातलंच."

मी घागरीतून पाणी ओतलं. त्यांनी मान वर करून सगळा तांब्या संपवला आणि तोंड वाकडं केलं.

"गोडी नाय ह्याला," ते म्हणाले. थोडं थांबून विहिरीकडे बघत म्हणाले, "आपली इहीर आजारी हाय, सूनबाई. बरी हुईस्तोवर हेच पिऊ."

विहीर बरी व्हायला बरीच वर्षं गेली. टोमॅटोचं खत आम्ही निम्म्यावर आणलं, आणि टोमॅटो निघाले की वरच्या वावरात कधी कडवळ, कधी मका. पेरायची आठवण आप्पाच करायचे. कापून गाडायच्या दिवशी विळा घेऊन स्वतः बांधावर बसायचे, कुणाचं जनावर तिकडे फिरकू नये म्हणून. पाखऱ्या त्यानंतर पुष्कळ पोळे जेवला.

पाणी पिण्याजोगं झाल्याचा रिपोर्ट आला तेव्हा तनुजा शाळेत जात होती. तिनेच विहिरीचं पाणी शेंदलं, आप्पांचा पितळी तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे धरला. आप्पा तेव्हा फारसे अंथरुणातून उठत नव्हते. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मला वाटलं, आता पितील. त्यांनी तो न पिताच माझ्या हातात दिला.

"आधी पोरीला दे," ते मला म्हणाले.